आलं लावायचं ऑनलाइन किट: पिशव्या झकास, आलं बोगस

रेटिंग आधीच सांगून टाकते म्हणजे घाईत असलेले सुटले. पाचपैकी अडीच. त्यातले दोन पिशव्यांचे, अर्धा निंबोळी पेंडीचा, आणि आल्याला शून्य. आता किट आल्याचं आणि आल्यालाच शून्य म्हणजे काय ते जरा सविस्तर लिहिते, कारण मागवायच्या आधी मी रिव्ह्यू वाचायला गेले तर सगळीकडे "नाइस प्रॉडक्ट", "पॅकिंग गुड", "डिलिव्हरी फास्ट" एवढंच. अरे बाबांनो, पॅकिंग लावायचं नाहीये आम्हाला, उगवलं का ते सांगा ना.

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. हेच किट तीनचार वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे, फोटोसुद्धा तोच, तेच हसणारं कुटुंब आणि तोच भलामोठा आल्याचा गड्डा, त्यामुळे एकाला झोडून उपयोग नाही. साधारण साडेसहाशे रुपयांना पडलं. आत काय काय होतं तर १२ बाय १२ इंचाच्या कापडी ग्रो बॅग दोन, ६५० ग्रॅमची कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट एक, गांडूळखताची १ किलोची पिशवी, निंबोळी पेंड पाव किलोच्या आत, एक प्लॅस्टिकचं खुरपं (हे पहिल्या दिवशीच वाकलं, सोडून द्या), झिपलॉकमध्ये १०० ग्रॅम आलं आणि एक चकचकीत कार्ड.

आता इथेच पहिला घोळ, आणि तो कुठल्याही रिव्ह्यूत कोणी लिहिलेला नाही. १२ बाय १२ ची गोल बॅग म्हणजे साधारण २० लिटर. दोन बॅगा म्हणजे ४० लिटर. ६५० ग्रॅमची वीट पाण्यात भिजवली की फुगून फुगून ८-९ लिटर होते, वर १ किलो गांडूळखत म्हणजे फार तर दोन लिटर. म्हणजे सगळं मिळून एक बॅग जेमतेम अर्धी भरते आणि दुसरी रिकामीच राहते! किटवर मात्र मोठ्या अक्षरात "सगळं एकाच बॉक्समध्ये, वरून काही घ्यायची गरज नाही". मग कोथरूडमधल्या नेहमीच्या नर्सरीतून लाल माती आणि शेणखत आणावंच लागलं, म्हणजे जो खर्च वाचावा आणि जी ओझी उचलायला लागू नयेत म्हणून माणूस किट घेतो तेच परत गळ्यात. नुसत्या कोकोपीटमध्ये तसंही आलं लावू नये असं माझं मत आहे, त्यात अन्नद्रव्यं नावालाच असतात आणि आलं खादाड पीक आहे, आठ-नऊ महिने जमिनीत बसून खाणारं. मी लाल माती, जुनं कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट सारख्या भागाने घेतलं, किटमधलं गांडूळखत त्यातच गेलं आणि प्रत्येक बॅगेत दोन मुठी निंबोळी पेंड. ही पेंड मात्र चांगली निघाली, वास बघूनच कळतं, खरी आहे. आल्याच्या शेतातही लागवडीच्या वेळी निंबोळी पेंड घालायला सांगतात, कंदकूज आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म किडे) दोन्हीला आळा बसतो, तेव्हा किटवाल्यांच्या कुणीतरी तेवढा तरी विचार केलेला दिसतोय.

आता मेन आयटम. आलं. झिपलॉक उघडल्या उघडल्या कुबट वास आला. आत पाण्याचे थेंब धरलेले, सहा तुकडे, त्यातल्या दोघांना कापलेल्या बाजूने पांढरी-हिरवी बुरशी, एकाला तर डोळाच (कोंब फुटतो ती जागा) नाही, गुळगुळीत. आल्याचं बेणं, म्हणजे लावायचे कंद, हवाबंद प्लॅस्टिकमध्ये भरून उन्हाळ्यात कुरियरने पाठवायचं हे ज्या कोणाच्या डोक्यातून निघालंय त्याने आयुष्यात आलं लावलेलं नसणार. जिवंत कंद आहे तो, श्वास घेतो, घाम येतो त्याला. कागदात किंवा कोरड्या कोकोपीटमध्ये गुंडाळून पाठवलं असतं तरी चाललं असतं. शिवाय तुकड्यांचा आकार बघा. १०० ग्रॅमचे सहा म्हणजे एकेक १५-१७ ग्रॅमचा. लागवडीला निदान २५ ते ५० ग्रॅमचा तुकडा आणि त्यावर दोन-तीन फुगलेले डोळे लागतात, कारण कोंब वर येऊन पानं धरेपर्यंत तो त्या तुकड्यातल्या साठ्यावरच जगतो. बारीक तुकडा म्हणजे बारीक कोंब, आणि तो सुरुवातीला मागे पडला की पुढे सगळंच मागे.

आणि लेबलवर काय लिहिलंय माहितीये का? "हायब्रीड जिंजर सीड्स". हसावं की रडावं. आल्याला बी धरतच नाही हो. फूल येतं कधीकधी पण बी नाही, लागवड सगळी कंदापासूनच होते, त्यामुळे टोमॅटोसारखं हायब्रीड बियाणं वगैरे प्रकार इथे नाहीच. ज्या सुधारित जाती आहेत, म्हणजे कोझिकोडच्या मसाला संशोधन संस्थेच्या वरदा, महिमा, रेजाथा वगैरे, त्यासुद्धा चांगले कंद निवडून वाढवत नेऊनच केलेल्या आहेत. आपल्याकडे महाराष्ट्रात माहीम जातच जास्त करतात. किटमधलं आलं कुठल्या जातीचं याचा पत्ता नाही, नुसतं "हायब्रीड". याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी चक्क पाकिटात काळ्या बिया भरून "आल्याच्या बिया" म्हणून विकतात. त्या कशाच्या आहेत देव जाणे, आल्याच्या नक्की नाहीत. तिकडे अजिबात जाऊ नका.

कार्डाबद्दल दोन शब्द. इंग्रजी आणि हिंदीत आहे, मराठी नाही, ठीक आहे, चालवून घेऊ. पण मजकूर? वर्षभरात कधीही लावा. रोज पाणी द्या. ६ ते ८ तास कडक ऊन द्या. तीन महिन्यांत आलं तयार. चार वाक्यं आणि चारही चुकीची, एवढं सातत्य अवघड असतं खरं तर. आल्याची लागवड आपल्याकडे एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत, अक्षय तृतीयेच्या आसपास करतात ते उगीच नाही. उगवायला ऊब लागते, २५-३० डिग्री, मग पुढे पावसाळाभर पानं आणि फुटवे, पाऊस सरता सरता खाली कंद भरायला लागतो, आणि डिसेंबर-जानेवारीत थंडी पडली, दिवस लहान झाला की पानं पिवळी पडून झाड झोपी जातं. ऑक्टोबरमध्ये लावलं तर बिचाऱ्याने वाढायचं कधी? कडक उन्हाचंही तेच, दुपारच्या उन्हात पानांची टोकं करपतात, त्याला सकाळचं कोवळं ऊन आणि नंतर सावली हवी, म्हणजे खरं तर फ्लॅटच्या गॅलरीसाठी आलं एकदम सोयीचं आहे, ज्यांच्याकडे गुलाब-मोगरा ऊन नाही म्हणून फुलत नाहीत त्यांनी आलं लावावं, पण हे कार्डावर लिहिलं तर विक्री वाढेल ना, ते कसं सुचणार.

बुरशीवाले तुकडे फेकून देऊन बाकीचे एका बॅगेत लावले, पण माझा काही त्यांच्यावर विश्वास नव्हता. दुसऱ्या बॅगेसाठी भाजीवाल्या मावशींकडे गेले. त्या कोरेगावकडच्या आहेत, साताऱ्याच्या, त्यामुळे आल्याच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. वरचं स्वच्छ, गोरंगोमटं आलं उचलायला लागले तर म्हणाल्या, "चहाला पायजे का लावायला?" म्हटलं लावायला. "मग ह्ये धुतल्यालं कशाला घेतीस? थांब, पोत्यात मातीतलं हाय." आणि पोत्यात कोपरापर्यंत हात घालून एक मातीने माखलेला रुंद पंजाच बाहेर काढला, अंगठ्याने माती पुसली आणि दाखवलं, "ह्यो डोळा बघ, हरभऱ्याएवढा फुगलाय. ह्यो उगवणार." मग तिथेच कटकन मोडून तीन तुकडे करून दिले, सुरी नाही काही नाही, नेमके सांध्यावर. पैसे नेहमीच्या भावाने, पाव किलोचे. साडेसहाशेच्या किटमध्ये जे ज्ञान नव्हतं ते इथे फुकट.

बाजारातलं आलं घेणार असाल तर एवढं बघा. एप्रिल-मेमध्ये जे जाड सालीचं, जुनं, पक्व आलं येतं ते बेण्याला चालतं. हिवाळ्याच्या तोंडाला जे पातळ सालीचं नवं आलं येतं, नखाने साल निघते ते, ते लोणच्याला छान पण लावायला नाही. धुतलेलं, सुकून सुरकुतलेलं, फ्रीजमध्ये आठवडाभर पडलेलं हे पण नको. डोळे पिवळसर-हिरवट टपोरे दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर दमट कोकोपीटमध्ये किंवा ओलसर गोणपाटाखाली सावलीत ठेवायचं, उकाड्यात दोनेक आठवड्यांत डोळे जागे होतात, नाही झाले तर तो तुकडा चहात टाकायचा, नुकसान शून्य.

लावायच्या आधी मी सगळ्या तुकड्यांना ट्रायकोडर्माची पावडर पाण्यात कालवून चोळली आणि सावलीत सुकवलं. (काही जण मॅन्कोझेबच्या पाण्यात बुडवतात, तेही चालतं, पण दोन्ही एकदम करू नका, बुरशीनाशक ट्रायकोडर्मालाच मारून टाकतं, कारण तीसुद्धा बुरशीच, फक्त आपल्या बाजूची.) ही पावडर किटमध्ये द्यायला हवी होती. खुरप्याऐवजी ५० ग्रॅमची पुडी टाकली असती तरी मी अजून अर्धा स्टार दिला असता.

आता पिशव्यांचं कौतुक करू दे, कारण ते खरं आहे. जाड फेल्टसारखं कापड, शिवण दुहेरी, कान मजबूत, मातीने भरलेली ओली बॅग दोघांनी कानाला धरून सरकवली तरी उसवली नाही. आल्याला खोल कुंडी नको, पसरट हवी, कारण कंद खाली जात नाही, आडवा पसरतो आणि वर सरकतो, म्हणून १२ इंचाची रुंदी बरोबर आहे, आणि कापड असल्यामुळे चहूबाजूंनी पाणी झिरपून जातं, तळाला साचत नाही. अजून एक फायदा म्हणजे कड दुमडता येते. सुरुवातीला बॅग अर्ध्याच्या जरा वर भरून कड खाली दुमडून ठेवायची, आणि झाड वाढेल तशी कड उलगडून वरून माती-खताची भर घालत जायची. आल्याला भर लावणं फार महत्त्वाचं आहे, कंद उघडा पडला की हिरवा होतो आणि वाढ थांबते. कुंडीत हे करायला जागाच राहत नाही, बॅगेत आरामात होतं. कार्डावर भर या विषयावर एक अक्षर नाही हे वेगळं सांगायला नकोच.

पिशवीचा एकच तोटा, तो आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारा. कोकोपीट नवीन असताना त्यातून चहासारखं तपकिरी पाणी उतरतं, आणि कापडी बॅगेतून ते चहूबाजूंनी पाझरतं, ते आमच्या गॅलरीच्या पाइपमधून थेट त्यांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर. काकू एकदम शांतपणे वर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, तुमच्याकडे काय गळतंय का?" शांतपणे म्हणजे जास्त भीती वाटते. तेव्हा वीट भिजवल्यावर कोकोपीट दोन-तीन पाण्यांनी धुऊन, पिळून घ्या, त्यातला क्षारही निघून जातो, आणि बॅगेखाली ट्रे ठेवा, पण ट्रेमध्ये पाणी साचू देऊ नका. बॅग दोन विटांवर उचलून ठेवली की झालं.

पाण्याचं सांगते कारण आलं मरतं ते बहुतेक पाण्यानेच, जास्तीच्या. बोट मातीत दोन पेरं घालायचं, ओलं लागलं तर पाणी नाही, विषय संपला. मे महिन्यात कापडी बॅग लवकर सुकते हे खरं, तेव्हा वर वाळक्या पानांचं नाहीतर उसाच्या पाचटाचं आच्छादन टाकायचं, आम्ही नारळाच्या शेंड्या टाकल्या. पण जुलैमध्ये आठ-आठ दिवस झड लागते तेव्हा "रोज पाणी द्या" वाचून कोणी खरंच रोज पाणी दिलं तर कंदकूज ठरलेली. पिथियम नावाची बुरशी असते तिची, ओल आणि साचलेलं पाणी मिळालं की खालून बुंधा मऊ पडतो, पानं कडेने पिवळी होत जातात, आणि फुटवा धरून हलकासा ओढला तर हातात येतो, खालचा कंद मेणासारखा मऊ आणि घाण वास. एकदा लागली की तो भाग वाचत नाही, बाजूच्या मातीसकट उचलून टाकावा लागतो. किटच्या बॅगेत एका तुकड्याचं हेच झालं, तो बुरशीवाल्यांच्या शेजारी प्लॅस्टिकमध्ये घामेजून बसलेला होता, त्यामुळे मला काही आश्चर्य वाटलं नाही. शेजारच्या बॅगेत तीच माती, तेच पाणी, तेच ऊन, आणि मावशींचे तिन्ही तुकडे उगवून कंबरेपर्यंत गेले, फुटव्यांवर फुटवे.

काढणी जानेवारी सरताना केली, पानं पूर्ण वाळून आडवी पडल्यावर. आधी पाणी बंद केलं होतं. कापडी बॅगेचा इथे पण फायदा, चटईवर सरळ आडवी ओतायची, खणायचं काही नाही, कंद मोडत नाही. सातारी बॅगेतून पाऊण किलोच्या आसपास निघालं, जाड बोटांचं, आणि मोडल्यावर घरभर वास, असा झणका की आमच्या ह्यांनी चहात नेहमीएवढंच किसलं आणि ठसका लागला. किटच्या बॅगेत जे एकच जगलं होतं त्याने मूठभर दिलं. तेही बारीक. चव बरी होती, अगदीच खोटं कशाला बोलू.

मधल्या काळातही आल्याचा उपयोग होतो हे फार लोकांना माहीत नसतं. पावसाळ्यात एखादं पान तोडून चहात टाका, गवती चहासारखं, सौम्य वास येतो, मस्त लागतं. आणि पाच-सहा महिन्यांनी बॅगेच्या कडेने माती जराशी उकरून एखादं कोवळं बोट मोडून घ्यायचं आणि परत माती लोटायची, झाडाला काही होत नाही. ते कोवळं आलं दोरे नसलेलं असतं, साल काढायलाच लागत नाही, लिंबू-मीठ लावून काचेच्या बरणीत ठेवलं की दोन दिवसांत गुलाबी झाक येते, मुलंसुद्धा खातात. सासूबाई म्हणाल्या आलेपाक करू, पण आलेपाकाला पक्व, तिखट आलंच पाहिजे, ते जानेवारीतल्याचंच केलं.

पैशांचा हिशोब करणाऱ्यांसाठी: परवडत नाही. २०२३ च्या पावसाळ्यात टोमॅटोबरोबर आलंही भडकलं होतं, किलोला २०० च्या वर गेलं होतं, त्या भावानेही पहिल्या वर्षी किटचे पैसे वसूल होत नाहीत. पण बॅगा अजून तशाच आहेत, त्या दोन-तीन वर्षं आरामात जातील असं दिसतंय, तेव्हा तो खर्च त्यांच्यावर वाटला तर चालतंय. फक्त त्याच मातीत परत आलं किंवा हळद लावू नका, रोग तिथेच थांबलेला असतो, त्या मातीत मी आता मेथी टाकलीये.

कस्टमर केअरला बुरशीचे फोटो पाठवले होते. उत्तर आलं की उगवण हवामानावर अवलंबून असते, आणि पुढच्या खरेदीवर १० टक्क्यांचं कूपन. हवामानाचा आणि झिपलॉकमधल्या बुरशीचा काय संबंध असं विचारलं तर परत तेच कूपन.

तेव्हा घ्यायचं असेल तर किट घेऊ नका, कापडी किंवा जाड एचडीपीईच्या (प्लॅस्टिकच्या) बॅगा सुट्या मिळतात त्या घ्या, कोकोपीट परवडत असेल तर ५ किलोचा ब्लॉक घ्या, तो फुगून ६०-७० लिटर होतो, मग दोन बॅगांना पुरून उरतो. बेणं भाजीवाल्याकडून नाहीतर ओळखीत कोणी साताऱ्याकडचं, संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड-फुलंब्रीकडचं असेल तर त्यांच्याकडून मातीसकट. आणि हे किट गिफ्ट म्हणून द्यायचा विचार असेल, कारण दिसायला बॉक्स खरंच सुंदर आहे, तर मार्च-एप्रिलमध्ये द्या. दिवाळीला दिलंत तर घेणारा बिचारा संक्रांतीपर्यंत रिकाम्या मातीला पाणी घालत बसेल आणि तुम्हाला फोन करून विचारेल, अजून कसं काही उगवलं नाही.